मित्यांचें साम्य आणि दिवसांचें ऐक्य

गेल्या पावसाळ्यांत नाशिकांतील एका घरगुती संग्रहाच्या दोन याद्या एकत्र करण्याचें काम आम्हांकडे आलें. एक यादी जुनी, हातानें लिहिलेली. दुसरी अलीकडे संगणकावर केलेली. आमचे एक माजी विद्यार्थी संगणकाच्या आज्ञावल्या रचण्याचा व्यवसाय करितात. त्यांनीं दोन्ही याद्या यंत्रांत घालून, ज्या नोंदी सारख्या असतील त्यांपैकीं एक ठेवावी व बाकीच्या गाळाव्या अशी योजना केली. यंत्रानें तें काम क्षणांत उरकलें. पुढें रुमाल सोडून अस्सल कागदांशीं रुजुवात पाहूं लागलों, तेव्हां एका पत्राची नोंद नाहींशी झालेली आढळली. कागद रुमालांत होता, यादींतून तेवढा गेला होता. त्याच रुमालांत दुसरा एक कागद होता. दोहोंचा मायना एक, लिहिणारा एक, ज्यास लिहिलें तो एक, आणि मितीहि एकच : छ १५ रजब, सन इसन्ने खमसैन मया व अलफ. यंत्रानें एकास दुसऱ्याची नक्कल ठरविलें होतें. वाचून पाहतां एका पत्रांत कर्जाऊ रकमेचा तगादा होता, आणि गाळलेल्या पत्रांत तीच रक्कम पावल्याची पोंच. म्हणजे यादीपुरतें एक फिटलेलें कर्ज पुन्हां डोक्यावर बसलें होतें.

दोष यंत्राचा म्हणवत नाहीं. ‘सारखी मिती’ म्हणजे काय हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. आणि खरें पाहतां तें आमच्यापाशींहि नीट ठरलेलें नव्हतें. अलंकारशास्त्रांत उपमेचीं चार अंगें सांगतात, त्यांत साधारण धर्म हें एक. तो शब्दानें न सांगितल्यास उपमा धर्मलुप्ता होते. काव्यांत ती शोभते, कारण वाचक धर्म मनानें पुरवितो. ‘ह्या दोन मित्या सारख्या आहेत’ हें विधानहि तसेंच धर्मलुप्त आहे. कोणत्या धर्मानें सारख्या? अक्षरांनीं, दिवसानें, कीं ज्या गोष्टीची ती मिती आहे तिच्यामुळें? माणूस हें प्रसंग पाहून ठरवितो, यंत्रास मात्र तें अगोदर सांगावें लागतें. जुन्या कागदांच्या याद्या यंत्रांत घालण्याचा प्रघात आतां सर्वत्र पडत आहे, म्हणून ह्या प्रश्नाचा थोडा खोल विचार येथें मांडतों.

प्रथम त्या रजबाचें पाहूं. शुहूर सन हा सौर. सूर्य मृग नक्षत्रांत गेला कीं तो पालटतो, म्हणूनच त्यास मृगसाल हें नांव. महिने आणि चंद्र मात्र हिजरीचे, आणि हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचें. अर्थात् शुहूर सनाच्या एका वर्षांत बाराहि महिने येऊन जाऊन सुमारें अकरा दिवस उरतात, आणि त्या दिवसांत वर्षारंभींचे चंद्र दुसऱ्यांदा येतात. इसन्ने खमसैन मया व अलफ म्हणजे २, ५०, १०० व १०००, मिळून ११५२. त्यांत ५९९ मिळविले कीं इसवी सन १७५१, आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवून १७५२. हा सन १७५१ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यांत लागला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, हिजरी ११६४ चा, रजबचा पंधरावा चंद्र आला : नव्या पद्धतीनें ९ जून १७५१, एखादा दिवस मागेंपुढें. तोच सन चालू असतां हिजरी ११६५ चा पंधरावा रजब आला, तो २९ मे १७५२ च्या सुमारास. कागदावर हिजरी वर्ष लिहिण्याची चाल नव्हती, त्यामुळें दोन्ही दिवसांचें नांव अक्षरशः एक झालें. सावकारानें तगादा केल्यास जवळजवळ वर्ष लोटल्यावर पोंच दिली होती. ज्यास शुहूर सन व चंद्र एवढेंच ठाऊक आहे, त्यास हें कळण्याचा मार्ग नाहीं. मजकूर वाचावाच लागतो.

आपल्या पंचांगांतहि असेंच होतें. एक तिथि दोन सूर्योदयांस असली म्हणजे त्या दोन दिवसांस एकच नांव मिळतें. अधिक मासाच्या वर्षीं लेखकानें ‘अधिक’ किंवा ‘निज’ हा शब्द टाकला कीं एका महिन्याचें अंतर पुसून जातें. वार लिहिलेला असेल तर निभावतें; नसेल तर नाहीं.

आतां उलट प्रकार, म्हणजे नांवें निरनिराळीं आणि दिवस एक. ह्याला राज्याभिषेकाइतकें चांगलें उदाहरण नाहीं. जेधे शकावलींत तो शके १५९६ आनंद संवत्सरीं, ज्येष्ठ शुद्ध १२ शुक्रवारीं, तीन घटिका रात्र उरली असतां झाल्याचें नमूद आहे, आणि तिथीच्या घटी २१ व पळें ३४ दिलीं आहेत. राज्याभिषेक शकाचा आरंभ मात्र ज्येष्ठ शुद्ध १३ पासून धरितात. आणि इंग्रजी तारीख आपण सर्व ६ जून १६७४, वार शनिवार, अशी देतों. बारस कीं तेरस, शुक्रवार कीं शनिवार, असा वाद घालणारे गृहस्थ अजूनहि भेटतात. वस्तुतः येथें वादास जागाच नाहीं. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा. तीन घटिका, म्हणजे ७२ मिनिटें, रात्र उरली असतां शुक्रवारच चालू होता. मध्यरात्रीं दिवस पालटणाऱ्यांचा शनिवार त्यापूर्वींच लागलेला. त्या शुक्रवारची उदयतिथि बारस. ती सूर्योदयानंतर २१ घटी ३४ पळांनीं, म्हणजे सुमारें ८ तास ३८ मिनिटांनीं, दुपारींच संपली. सिंहासनारोहणाच्या क्षणीं तेरस चालू होती. चारी विधानें खरीं आहेत आणि चारी एकाच पहांटेचीं आहेत. संवत्सराचाहि पडताळा घ्यावा : शकांत १२ मिळवून ६० नें भागावें, १६०८ ला भागून बाकी ४८, आणि प्रभवापासून अठ्ठेचाळिसावा आनंदच येतो.

शिवजन्माची फाल्गुन वद्य ३ शके १५५१ ही मितीहि अशीच तपासण्याजोगी आहे. यादी करणाऱ्यांचा एक सरधोपट नियम असतो कीं शकांत ७८ मिळवावे. तसें केल्यास १६२९ येतें आणि एक वर्ष चुकतें, कारण जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवावे लागतात. तारीख येते १९ फेब्रुवारी १६३०. गंमत अशी कीं सुरतेच्या वखारींतील इंग्रज कारकून त्या दिवशीं खरोखरच १६२९ लिहीत असे. त्याचें वर्ष २५ मार्चला पालटे. गोव्याच्या पोर्तुगीज कागदावर, नवी पद्धत तेथें १५८३ पासूनच चालू असल्यामुळें, तोच दिवस १ मार्च १६३० असा पडतो. आणि काशीकडचा मनुष्य त्याच दिवसास चैत्र वद्य ३, संवत् १६८६ म्हणेल. शके १५४९ ची वैशाख शुद्ध २ ही दुसरी जन्मतिथि मात्र ह्या जातीची नव्हे. तेथें एका दिवसाचीं दोन नांवें नसून दोन वेगळे दिवस आहेत. त्यांतला खरा कोणता हा पुराव्याचा प्रश्न. कसल्याहि गणितानें ते एक होणार नाहींत. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळल्यामुळें पूर्वीं पुष्कळ शाई व्यर्थ गेली आहे.

अमान्त आणि पूर्णिमान्त महिन्यांचा हा घोटाळा नाशिककरांच्या नित्याच्या परिचयाचा आहे. येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत दक्षिणेचे आणि उत्तरेचे यजमान शेजारींशेजारीं सह्या करून गेले आहेत. शुद्ध पक्षांत दोघांच्या महिन्याचें नांव जुळतें. वद्य पक्षांत उत्तरेकडचा एक महिना पुढें असतो. १३ सप्टेंबर २०१५ रोजीं सिंहस्थांतील जें स्नान रामकुंडावर झालें, तें आमच्या पंचांगांत श्रावणी अमावास्येचें आणि आखाड्यांच्या पत्रकांत भाद्रपद अमावास्येचें होतें. पाणी मात्र एकच!

नांवांच्या ह्या दाटींतून निघण्याची वाट आपल्या ज्योतिष्यांनीं फार पूर्वीं काढून ठेविली आहे. ती म्हणजे अहर्गण : महिना, पक्ष, वर्ष हें सर्व बाजूस ठेवून ठराविक आरंभापासून नुसते दिवस मोजावे. कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वीं ३१०२ च्या फेब्रुवारीच्या १८ व्या तारखेस, शुक्रवारीं, धरितात. तो दिवस ० मानिला तर राज्याभिषेकाच्या शुक्रवारचा अहर्गण १७४४१७६ येतो. ह्यास ७ नें भागिलें असतां कांहीं उरत नाहीं, म्हणजे पुन्हां शुक्रवारच. शिवजन्माच्या दिवसाचा अहर्गण १७२७९९९. त्यालाहि ७ नें निःशेष भाग जातो, आणि शकावलींतील शुक्रवार पटतो. दोहोंची वजाबाकी १६१७७ दिवस. अशा आकड्यांत ‘समान’ ह्या शब्दाविषयीं शंका राहत नाहीं. संगणकहि आंतून असेंच करितो; त्याचा कल्यारंभ मात्र १ जानेवारी १९७० ची ग्रिनिच येथील मध्यरात्र. ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञांनीं ४०१६ दिवसांचीं चक्रें पाडून आंकडे लहान केले, तीच युक्ति निराळ्या अंगानें. नव्या पद्धतीच्या १६ जून १६७४ ह्या शनिवारचा संगणकी अंक ऋण १०७९४५ असा येतो.

अहर्गणानें सर्व भागलें असें मात्र समजूं नये. आर्यभटाच्या नांवावर दोन गणना आहेत, एक औदयिक व दुसरी आर्धरात्रिक. म्हणजे दिवस मोजावयाचे तरी ते सूर्योदयापासून कीं मध्यरात्रीपासून हें सांगावेंच लागतें. राज्याभिषेकाची पहांट एकींत शुक्रवारच्या अंकावर आणि दुसरींत शनिवारच्या अंकावर पडते. हिजरीचा चंद्र तर सूर्यास्तास पालटतो. स्थळाचाहि प्रश्न आहे. नाशिकची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या सुमारें ४ तास ५५ मिनिटें पुढें, काशीची सुमारें ५ तास ३२ मिनिटें. ह्या ३७ मिनिटांच्या फटींत तिथि संपली तर दोन गांवांची उदयतिथि निराळी होते.

आतां आज्ञावलीकारांकडे वळूं. आमच्या विद्यार्थ्यानें सांगितल्यावरून कळलें कीं हा प्रश्न त्यांच्या धंद्यांतहि जुनाच आहे, आणि तेथेंहि पुष्कळांनीं त्यांत ठेंचा खाल्ल्या आहेत. साम्य ठरवितांना ते तीन अटी घालतात : प्रत्येक वस्तु स्वतःशीं समान असावी, पहिली दुसरीशीं समान तर दुसरी पहिलीशीं असावी, आणि पहिली दुसरीशीं व दुसरी तिसरीशीं समान तर पहिली तिसरीशीं असावी. ऐकावयास हें बालबोध वाटतें. पण जावा नांवाच्या संगणकभाषेंत ‘डेट’ आणि ‘टाइमस्टँप’ असे दोन कालवाचक प्रकार होते. एकाच क्षणाचे दोन्ही घेऊन पहिल्यास विचारिलें, तूं ह्याच्याशीं समान काय? तर तो होय म्हणे. दुसऱ्यास तेंच विचारिलें तर तो नाहीं म्हणे! कारण दुसरा आपल्या जातीबाहेरच्या कोणासहि समान मानीत नसे. ह्या अनुभवानें शहाणे होऊन त्या भाषेच्या २०१४ च्या आवृत्तींत कालगणनेची नवी मांडणी केली गेली आणि साम्याचे दोन निराळे प्रश्न ठेविले गेले. एक प्रश्न असा कीं दिवस, गणनापद्धति, स्थळ ह्यांसह दोन्ही सर्वांशीं एक आहेत काय. दुसरा, पद्धति कांहींहि असो, काळाच्या रेषेवर दोन्ही एकाच ठिकाणीं पडतात काय. हिजरी तारीख आणि इंग्रजी तारीख एकाच दिवसाची असतां पहिल्याचें उत्तर ‘नाहीं’ आणि दुसऱ्याचें ‘होय’ असें येतें. आम्हांस हें फार योग्य वाटलें. आमच्या भाषेंत पहिल्यास लेखसाम्य म्हणावें, दुसऱ्यास दिनैक्य.

दोहोंपैकीं एकच ठेवून कां चालूं नये, ह्याचें कारण दप्तरदारास समजेल असें आहे. यंत्र आपला माल रुमालांत बांधून ठेवितें, आणि रुमालाचा अंक वस्तूवरूनच काढितें. दोन वस्तु समान म्हणावयाच्या तर त्या एकाच रुमालांत गेल्या पाहिजेत. नाहीं तर एक हातीं असतां दुसरी शोधूनहि सांपडणार नाहीं. दिनैक्य हेंच साम्य धरिलें तर शक, संवत् व हिजरी एका रुमालांत जातात आणि कागदावर मुळांत काय होतें तें हरवतें. लेखसाम्य हेंच साम्य धरिलें तर आमच्या सावकाराचें होतें.

ह्या दोहोंहून अवघड तिसरा प्रसंग आहे. एका पत्रावर नुसतें ‘रजब’, दुसऱ्यावर छ १५ रजब, तिसऱ्यावर छ १८ रजब. पहिलें दुसऱ्याशीं जुळूं शकतें, पहिलें तिसऱ्याशींहि जुळूं शकतें. दुसरें व तिसरें मात्र एक नव्हेत. वरील तिसरी अट येथें मोडली, म्हणून ह्यास साम्य म्हणतांच येत नाहीं. आम्ही ह्यास अविरोध म्हणतों. अविरोध हा पुरावा नव्हे. पुराव्याच्या आड न येणें एवढेंच तो करितो. कालनिर्णयाच्या लेखांत ‘ही मिती त्या मितीशीं जुळते’ असें वाक्य आलें कीं जुळते म्हणजे दिनैक्य आहे कीं नुसता अविरोध, हें आम्ही समासांत पेन्सिलीनें विचारून ठेवितों. बहुतेक वेळां अविरोधच निघतो.

पांडवलेण्यांतील लेख ह्या दृष्टीनें पाहावे. दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात ह्याच्या दानलेखांत ४१, ४२ व ४५ हीं वर्षें आहेत. तिसऱ्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या आज्ञेवर वर्ष १८, वर्षाऋतूचा दुसरा पक्ष, दिवस पहिला, असें आहे. त्याखालीं वर्ष २४ ची दुसरी आज्ञा. नहपानाचीं वर्षें शकाचीं कीं त्याच्या राज्याचीं ह्यावर विद्वानांचें एकमत झालेलें नाहीं. गौतमीपुत्राचीं तर राज्यवर्षेंच. दोन गणनांचे आरंभ जुळवितां येत नाहींत तोंवर १८ हें ४२ च्या बरोबर कीं नाहीं हा प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं. आणि १८ हें ४२ हून लहान म्हणून अगोदरचें असें म्हणणें तर हास्यास्पद. तरीहि कोणतें मागून हें आपणांस निश्चित ठाऊक आहे! गौतमीपुत्र त्या आज्ञेंत पूर्वीं उषवदाताकडे असलेलें दोनशें निवर्तनें शेत भिक्षूंस देतो. आणि १९०६ सालीं नाशिकजवळ जोगलटेंभी येथें नहपानाचीं जीं तेरा हजारांवर नाणीं सांपडलीं, त्यांपैकीं दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा छाप मागाहून मारलेला आहे. म्हणजे ऐक्य अज्ञात असतां पौर्वापर्य ज्ञात असूं शकतें. पायथन नांवाच्या दुसऱ्या संगणकभाषेंत, स्थळ सांगितलेली वेळ आणि स्थळ न सांगितलेली वेळ ह्यांचें साम्य विचारिलें तर ‘नाहीं’ असें उत्तर येतें, आणि मागें-पुढें विचारिलें तर यंत्र उत्तर देण्याचें नाकारतें. पौर्वापर्य नाकारतें तें बरोबर. साम्याचें ‘नाहीं’ व्यवहाराच्या सोईचें असेल, पण आमच्या कामास तें चालत नाहीं. ज्याचा आरंभ माहीत नाहीं त्याविषयीं ‘सांगतां येत नाहीं’ हेंच प्रामाणिक उत्तर. यादींत त्यास निराळें घर असावें. तें ‘नाहीं’च्या घरांत घालूं नये.

पोथ्यांच्या संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. पुष्पिकेंत शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथि, वार सर्व दिलेलें आहे, गणित करून पाहतां सर्व जुळतें, आणि दोन पोथ्यांवर तें अगदीं एक आहे. म्हणून दोन्ही एका दिवशीं लिहिल्या गेल्या काय? पुष्कळ वेळां नव्हे. पुढचा लेखक मूळ पोथींतील पुष्पिकाहि ग्रंथाचाच भाग समजून जशीच्या तशी उतरून घेतो. त्या मितीचें लेखसाम्य खरें, दिनैक्यहि खरें. पण ती दुसऱ्या पोथीची मितीच नव्हे. कागद, शाई व अक्षराचें वळण पाहिल्याखेरीज हें उमगत नाहीं, आणि येथें यंत्राचा कांहींच उपाय चालत नाहीं.

आमच्या यादींत आतां मितीस तीन घरें दिलीं आहेत. पहिल्यांत कागदावर जें आहे तें अक्षरशः, चुकीसह. त्यास पुढें कोणीं हात लावावयाचा नाहीं. दुसऱ्यांत अहर्गण, पण एकच आंकडा नव्हे, तर लवकरांत लवकर व उशिरांत उशिरा असे दोन. पूर्ण मिती असेल तर दोन्ही आंकडे एक असतात. नुसता महिना असेल तर त्यांत २९ दिवसांचें अंतर राहतें. रजबासारखा दुहेरी प्रसंग असेल तर अशा दोन जोड्या लिहितों. तिसऱ्यांत हा आंकडा कशावरून काढिला तें : सूर्योदयाचा दिवस कीं मध्यरात्रीचा, अमान्त कीं पूर्णिमान्त, आणि कोणाची जंत्री. सेवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचा १८९६ चा ग्रंथ किंवा स्वामिकण्णु पिल्ले ह्यांची जंत्री वापरली असेल तर तसें नांव घालतों. दोन कागद एक म्हणून गाळावयाचे असतील तर केवळ मितीवरून गाळावयाचे नाहींत असें ठरविलें आहे. यंत्रानें जोडी दाखवावी, गाळण्याचें काम माणसाचें.

एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. पुष्कळ तयार आज्ञावल्यांत ‘भारतीय’ किंवा ‘शक’ ह्या नांवाची एक पद्धति आढळते. ती २२ मार्च १९५७ पासून, चैत्र १ शके १८७९ धरून, चालू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका होय. तिचे महिने सौर, तिच्यांत पक्ष नाहीं, तिथि नाहीं, अधिक मास नाहीं. जेधे शकावलींतील फाल्गुन तिच्यांत घातला तर यंत्र तक्रार न करितां एक तारीख काढून देतें, आणि ती चुकीची असते. दोन्हीकडे शब्द ‘शके’ आणि ‘फाल्गुन’ हेच असल्यामुळें यादी वाचणाऱ्यास संशयहि येत नाहीं.

गाळलेल्या पोंचेची नोंद यादींत पुन्हां घातली आहे, आणि शेऱ्यांत ‘तगाद्याच्या पत्राशीं लेखसाम्य, दिनैक्य नाहीं’ एवढें लिहिलें आहे. त्याच झपाट्यांत यंत्रानें गाळलेल्या इतर नोंदींची रुजुवात अद्याप चालूं आहे.